भिमाची वेलांटी

शाळेच्या कार्यालयात संगणक आला, तेव्हा आनंदराव पऱ्हाड यांनी त्याच्याकडे पहिली मागणी केली ती स्वतःच्या आडनावाची. पडद्यावर ते 'पर्हाड' असे उमटत होते. र चा रफार ह च्या डोक्यावर फेट्याच्या तुऱ्यासारखा चढून बसलेला. संगणक सांभाळणाऱ्या धनश्रीने पुष्कळ खटपट केली आणि शेवटी सांगितले, "सर, या फॉन्टमध्ये तो र नाहीच."

"फॉन्टमध्ये नाही, पण केंदूरला आमच्या साऱ्या भावकीत आहे. त्याचे काय करायचे?"

धनश्री हसली. आनंदराव हसले नाहीत. त्या दिवसापासून ते पडद्यावर आपले नाव आले की नजर जरा बाजूला वळवीत.

शिरूरहून रांजणगावकडे जाताना महामार्गापासून थोडे आत त्यांचे माध्यमिक विद्यालय होते. निम्म्या मुलांचे वडील कारखान्यांत पाळीवर जाणारे, उरलेल्यांचे शेतीत. आनंदराव तेथे मराठी शिकवीत आणि नववी 'ब'चे वर्गशिक्षक होते. त्यांच्या हाताखालून गेलेली मुले आता कंपनीच्या बस चालवीत होती, सोसायटीचे कामकाज पाहत होती. पण सर समोरून आले की हातातली लग्नपत्रिका पाठीमागे लपवीत, असे गावात चेष्टेने म्हणत. सर लग्नपत्रिकासुद्धा लाल शाईने दुरुस्त करून परत देतात, ही नुसती आवई नव्हती. त्यांच्या पत्नी साखरबाई पाहुण्यांना सांगत, "माझ्या नावात काय सापडलं न्हाई, म्हणून तर ह्यांनी होकार दिला."

ते साल २००५. मुख्याध्यापिका अनुपमा मॅडम यांनी निकालाचे नवे सॉफ्टवेअर आणले होते. त्यात दोन याद्या असत. एक कार्यालयाची 'मूळ नोंद'. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मुलाचे नाव ज्या अक्षरांत लिहिलेले, त्याच अक्षरांत धनश्रीने उतरवून घेतलेली. दुसरी प्रत्येक शिक्षकाची वर्गयादी. तिच्यात तो चाचणीचे, परीक्षेचे, तोंडीचे गुण भरी. जूनमध्ये मूळ नोंद पुरी झालेली नव्हती, म्हणून शिक्षकांनी आपापल्या याद्या स्वतःच टंकित केल्या. आनंदरावांनी एका बोटाने, परंतु एकही चूक न करता, नववी 'ब' उतरवली.

उतरवताना त्यांनी तीन नावे सुधारली. रजिस्टरमध्ये 'सुरज' होते, त्यांनी 'सूरज' केले. 'रुपाली' होते, 'रूपाली' केले. 'भिमा' होते, 'भीमा' केले. भिंतीवरची तसबीर तिरकी दिसली की माणूस जाता जाता सरळ करतो, त्यासाठी घरमालकाची परवानगी विचारत नाही. तितक्याच निर्मळ मनाने त्यांनी हे केले आणि विसरून गेले.

एप्रिल संपत आला. परीक्षा झाल्या, गुण भरून झाले. महाराष्ट्र दिनी निकाल द्यायचा होता. धनश्रीने सर्व शिक्षकांना सांगितले की गुणपत्रके छापण्यापूर्वी प्रत्येकाने आपली वर्गयादी मूळ नोंदीवरून अद्ययावत करायची, म्हणजे रजिस्टरचा क्रमांक आपोआप प्रत्येक नावापुढे येऊन बसेल. त्यासाठी एक कळ होती. आनंदरावांनी चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली आणि ती दाबली.

पडद्यावर एक चौकट आली: '३ नावे मूळ नोंदीत आढळली नाहीत. वगळावीत काय?'

आनंदरावांनी विचार केला. घाईने काही करायचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्या वर्षी नववी 'ब'मधून तीन मुले शाळा सोडून गेली होती; दोघांच्या वडिलांचे रांजणगावचे कंत्राट संपले म्हणून, एकीची आई पुण्याला गेली म्हणून. तीन गेली, तीन वगळायची. ताळा जुळला. शिवाय चौकटीतल्या वाक्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, याचेही त्यांना बरे वाटले. त्यांनी 'होय' दाबले.

गेलेली तीन मुले धनश्रीने दिवाळीतच सगळ्या याद्यांमधून काढून टाकली होती, हे त्यांना माहीत नव्हते.

यादी नव्याने मांडली गेली आणि तिच्या तळाशी तीन नावे कोरी करकरीत उभी राहिली. सुरज. रुपाली. भिमा. पहिला उकार, पहिला उकार, पहिली वेलांटी. त्यांच्यापुढे रजिस्टरचे क्रमांक होते. गुणांच्या रकान्यांत मात्र काहीच नव्हते.

"धनश्री," आनंदरावांनी हाक मारली. त्यांचा आवाज एरवीपेक्षा हळू होता. "जरा इकडे ये."

धनश्रीने पडदा पाहिला, मग सरांकडे पाहिले.

"सर, तुम्ही नावं बदलली होती का?"

"बदलली नाहीत. सुधारली होती."

"मशीनला ते एकच आहे, सर. त्याच्या लेखी 'भीमा' नावाची मुलगी या शाळेत नव्हतीच. आणि ही 'भिमा' आत्ता नवीन आली."

"वर्षभर पहिल्या बाकावर बसत होती ती!"

"मशीन वर्गात कुठं येतंय, सर?"

मग ती भराभर बोलू लागली. राखीव प्रत फेब्रुवारीची होती, तिच्यात वार्षिक परीक्षा नव्हती. पण उत्तरपत्रिका कपाटात होत्या, इतर शिक्षकांकडे आपापली टिपणे होती. संध्याकाळपर्यंत सगळे पुन्हा भरता आले असते. आले नसते ते फक्त मराठीचे तोंडी गुण. ते आनंदरावांनी मुलांना एकेक करून कार्यालयात बोलावून, त्यांचे बोलणे ऐकत ऐकत थेट संगणकात भरले होते. कागदावर एक आणि संगणकात एक असे दुहेरी काम करू नका, असे अनुपमा मॅडमनी सभेत बजावले होते, आणि आपण जुन्या वळणाचे नाही हे दाखवण्याची आनंदरावांना नेमकी याच वर्षी हौस आली होती.

अनुपमा मॅडम आल्या, त्यांनी ऐकून घेतले आणि खुर्चीवर बसल्या.

"पऱ्हाड सर, वीस गुणांची तोंडी. सोळा, सतरा, अठरा, जे आठवेल ते टाका. माझी हरकत नाही."

"आठवत नाही."

"मग अंदाजानं टाका."

"मॅडम, अंदाजाने दिलेला आकडा म्हणजे गुण नव्हे."

"सर, तुमच्या एका वेलांटीपायी माझ्या शाळेचा निकाल खोळंबलाय, आणि तुम्ही मलाच धडा देताय?" मॅडमनी कपाळावर हात ठेवला. "उद्या दुपारपर्यंत मला सगळं हवं. मोकळा रकाना ठेवला तर ते 'तोंडी परीक्षेस गैरहजर' असं छापतं आणि पुढं 'निकाल राखून ठेवला' येतं. ते मला चालणार नाही, तुम्हालाही चालायचं नाही."

आनंदराव वऱ्हांड्यात येऊन उभे राहिले. पुन्हा आत गेले. पुन्हा बाहेर आले. सुरज अडखळला होता, हे त्यांना आठवत होते. रुपालीने धाप लागेपर्यंत पाठ म्हणून दाखवले होते. भिमा कोळपेचे मात्र एकच आठवत होते. तोंडीच्या आरंभी प्रत्येकाने कार्यालयातल्या फळ्यावर आपले नाव लिहायचे, ही त्यांची रीत होती. भिमाने आपले नाव पहिल्या वेलांटीने लिहिले, त्यांनी मान हलवली आणि एक गुण कापला. कशातून कापला, ते काही केल्या आठवेना.

आणि तिघांमध्ये तिचाच निकाल अडून चालणार नव्हता. कोळपे धनगर. वडील आता रांजणगावला पाळीवर जात, पण मेंढरे पुरती विकलेली नव्हती. त्यांच्यामागे फिरण्यात भिमाचे एक वर्ष आधीच वाया गेले होते. नववीच्या प्रवेशाला तिची आजी बयाबाई आली होती आणि सर्वांदेखत बोलली होती, "एक डाव ऱ्हायली ती ऱ्हायली, मास्तर. अजून एकदा ऱ्हायली, तर मेंढरं हायतीच वाट बघत." निकाल राखून ठेवणे म्हणजे नापास नव्हे, हे तिला कोण समजावणार होते?

तोंडी पुन्हा घ्यायची, असे आनंदरावांनी ठरवले. ठरवल्यावर त्यांना क्षणभर हलके वाटले, मग वाचनाचे पुस्तक घेऊन ते निघाले.

सुरज मामाच्या गॅरेजमध्ये मोटारसायकलचे चाक काढत बसला होता. सरांना दारात पाहून त्याच्या हातातला पाना पडला.

"सर, परत? म्हंजी म्या नापास हाय का?"

"तू नव्हे, मी. ऊठ, हात पूस आणि या पानावरचा उतारा वाच."

मामा, दोन गिऱ्हाइके आणि ग्रीसचा वास यांच्या साक्षीने सुरजने उतारा वाचला आणि 'माझे आवडते काम' या विषयावर पंक्चर कसे काढतात ते सांगितले. वर्गात अडखळणारे पोर येथे एकदाही अडखळले नाही. रुपाली घरी आईबरोबर कुरडया वाळत घालत होती, तिचेही झाले. दोघांचे गुण आनंदरावांनी खिशातल्या कागदावर लिहिले, कागदाची घडी केली, आणि ती जागेवर आहे ना हे परत परत चाचपून पाहिले.

"भिमा कोठे राहते?"

"ती हितं न्हाई, सर," रुपाली म्हणाली. "दौंडला गेलीय, मावशीकडं. आजीचा मोतीबिंदू काढायचा व्हता ना. रेल्वेच्या क्वार्टरांच्या मागं कुठंतरी ऱ्हाती मावशी."

"फोन आहे का तिथे?"

"न्हाई बा."

रात्र आनंदरावांनी कशीबशी काढली. सकाळी ते शिरूरच्या स्थानकावर दौंडच्या पहिल्या गाडीत बसले. खिशात कागद, वाचनाचे पुस्तक आणि खडूचा एक तुकडा. न्हावऱ्यापर्यंत गाडी बरी चालली. पुढे पारगावच्या पुलावर ती एका ट्रॅक्टरमागे अडकली आणि आनंदरावांना खिडकीतून नदीच्या नावाची पाटी दिसली: 'भीमा नदी'. त्यांनी समाधानाने मान डोलावली. गाडी रखडत पुलाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचली. तेथेही पाटी होती: 'भिमा नदी'.

आनंदराव अर्धवट उठून मागे वळून पाहू लागले. शेजारच्या बाई म्हणाल्या, "काय पडलं का, आप्पा?"

"नाही. एकाच नदीची दोन नावे झाली आहेत."

बाईंनी वाकून पाहिले. एप्रिलातले उथळ पाणी दोन्ही पाट्यांखालून सारखेच चालले होते. "मला तर एकच दिसती," त्या म्हणाल्या आणि पिशवी मांडीवर सावरून बसल्या.

चौफुल्याला गाडीचे इंजिन तापले. वाहकाने हात वर केले. दुसरी गाडी केव्हा येईल हे कोणी सांगेना, आणि आनंदरावांच्या डोळ्यांपुढे कार्यालयातला तो मोकळा रकाना राहून राहून येऊ लागला. दुपारपर्यंत, असे मॅडम म्हणाल्या होत्या. ते रस्त्याच्या कडेला येरझारा घालू लागले. तेवढ्यात एक जीप येऊन थांबली. काचेला पुठ्ठा लावलेला आणि त्यावर जाड अक्षरांत लिहिलेले: 'दौड'.

"कुठं जाते ही?"

"लिवलंय की, मामा. दौंड!"

"तिथे 'दौड' लिहिले आहे. वरचे टिंब राहिले."

"टिंब उतरलं वाटंत," ड्रायव्हर म्हणाला. "तुम्हाला दौंडला जायचंय का टिंबाला भेटायला?"

मागची माणसे खळखळून हसली. एरवी आनंदरावांनी खिशातले पेन काढले असते. त्या दिवशी ते कोणाच्या तरी टोपलीवर पाय आखडून बसले. जीप निघाली. पाटी चुकलेली होती, रस्ता बरोबर होता. ही गोष्ट त्यांना पाटसपर्यंत खुपत राहिली.

दौंडला क्वार्टरांच्या मागे पत्र्याच्या खोल्यांची एक रांग होती. तिच्या टोकाला पाण्याच्या सिमेंटच्या टाकीशी बयाबाई बाजेवर बसलेली दिसली. एका डोळ्यावर हिरवी पट्टी.

"कोन हाय?" तिने उघडा डोळा बारीक केला.

"मी पऱ्हाड. शाळेतला."

"अगं बया, मास्तर! काय केलं पोरीनं?"

"तिने काही केले नाही, आजी. माझ्याकडून झाले."

"मग बसा. भिमेऽ!" बयाबाईने खोलीकडे तोंड करून हाक मारली. "पानी आन गं! तुजं सर आल्यात!"

आनंदरावांनी हाक कान देऊन ऐकली. भि आखूड, मे लांबच लांब. रेल्वेचे डबे जोडले जावेत तसा तो एकार दूरपर्यंत गेला.

भिमा तांब्या घेऊन आली आणि सरांना पाहून उंबऱ्यातच थांबली. आनंदरावांनी तिला सगळे सांगितले. यादीचे, कळेचे, वगळलेल्या तीन नावांचे. ती तांब्या हातात धरून ऐकत होती. शेवटी एवढेच म्हणाली, "म्हंजी मी मिटले?"

"यादीतून मिटली होतीस. आता आहेस. फक्त तोंडीचा गुण नाही. तो पुन्हा घ्यायला आलो आहे."

"अवंदा पास हाय का न्हाई तेवढं सांगा," बयाबाई मध्येच म्हणाली. "दुसरं मला काय कळत न्हाई."

"हे झाले की सांगतो."

भिमाने उतारा वाचला, बरा वाचला. मग विषय दिला, तशी तिने हात मागे बांधले आणि 'माझा आवडता ऋतू' सुरू केला. दुसऱ्याच वाक्याला आनंदरावांनी थांबवले.

"हे निबंधमालेतले आहे. तुझे सांग. काल-परवा काय पाहिलेस ते सांग."

भिमाने आजीकडे पाहिले आणि तिला हसू फुटले.

"आजीला शिबिरात नेलं. तिथं सगळ्या म्हाताऱ्यांच्या गळ्यात नावाच्या चिठ्ठ्या अडकवत होते. आजीच्या चिठ्ठीवर 'गयाबाई' लिहिलेलं. मी म्हणाले, आज्जे, नाव चुकलंय, सांगून येते. तर ही म्हणती, गप बस, नंबर जाईल. मग आतून हाक आली, 'गयाबाई कोण?' आन् ही उठली की! 'मीच की वो' म्हणाली आन् गेली. आत डॉक्टर म्हणाले, 'गयाबाई, खाली बघा', तर ही खाली बघती. 'गयाबाई, वर बघा', तर वर बघती. मी दाराआड तोंडात ओढणी कोंबून उभी. आता पट्टी सुटायला जायचंय, तर तिथंबी ही गयाबाईच."

"मग?" बयाबाई म्हणाली. "नाव चुकलं म्हनून नंबर सोडू व्हय? डोळा तर माजाच हाय न्हवं!"

आनंदरावांनी कागद गुडघ्यावर ठेवला होता. भिमाच्या बोलण्यात 'म्हणती' आले, 'आन्' आले. प्रत्येक वेळी त्यांची पेन्सिल जराशी हलली आणि जागीच राहिली. एवढे सरळ, एकाला एक जोडलेले बोलणे त्या वर्षी वर्गात त्यांनी ऐकले नव्हते.

"आता नाव लिही," त्यांनी खडू पुढे केला.

भिमाने टाकीच्या सिमेंटवर मोठ्या अक्षरांत लिहिले: 'भीमा कोळपे'. दुसरी वेलांटी चांगली ठसठशीत काढली आणि अभिमानाने वळली. "बराबर हाय ना, सर? मागल्या वेळी चुकलं व्हतं."

आनंदराव त्या अक्षरांकडे पाहत राहिले. हेच ते. वर्षभर घोकून घेतलेले, निर्दोष. आणि हेच नाव शाळेत नव्हते. पुढच्या वर्षी दहावीचा अर्ज भरायचा, तो रजिस्टरप्रमाणे. तेथे तिने असे लिहिले तर परीक्षेच्या प्रवेशपत्रापासून नोकरीपर्यंत ही एक वेलांटी तिच्या पायात येणार. त्यांना बसवेना. ते टाकीभोवती एक चक्कर मारून आले.

"भिमा, ऐक. व्याकरणाने हे बरोबर आहे. शाळेच्या नोंदीत पहिली वेलांटी आहे. तुला लिहावे लागेल ते नोंदीतले. पण नोंद बदलता येते. मी अर्ज लिहून देतो, वडिलांची सही घेऊ, मॅडम पुढे पाठवतील. वेळ लागेल, पण होईल. मग तुझे नाव कायमचे शुद्ध."

"आन् तवर?" भिमाने विचारले.

"तोवर चौकशी चालेल."

"तवर मी कोन आसंन? ही का ती?"

आनंदरावांनी चष्मा काढून पुसला.

"ऱ्हस्वच राहू द्या, सर," ती म्हणाली. "परत मिटायचं न्हाई मला."

"तुमची ती येलांटी," बयाबाईने विचारले, "बोलताना कुठं ऱ्हाती?"

"उच्चारात, आजी. 'भी' लांब म्हणायचा."

"भीऽमा," बयाबाईने म्हणून पाहिले आणि तोंड वाकडे केले. "भीक मागितल्यावानी वाटतंय. आम्ही न्हाई बा असं म्हनत. पोर आमची हाय, मास्तर. हाक बी आमचीच ऱ्हाऊ द्या."

आनंदरावांना एकदम हसू आले; बऱ्याच दिवसांनी आलेले, थोडेसे ठसक्यासारखे. भिमाने बोट पाण्यात बुडवून ती दुसरी वेलांटी पुसली आणि ओल्या सिमेंटवर पहिली काढली. खडू ओल्यावर नीट उमटेना. ती गिरवत राहिली. आनंदरावांच्या डोळ्यांना ते अक्षर टोचत होते. ते टोचू देत त्यांनी कागदावर आकडा लिहिला. मग जे कधी करत नसत ते केले. कागद तिच्यासमोर धरला.

"अठरा," भिमाने वाचले. "म्हंजी तो एक परत आला."

"कोणता एक?"

"मागल्या वेळी सतरा व्हते ना. एक नावाचा कापला व्हता."

आनंदराव थबकले. "तुला कसे ठाऊक?"

"कळा दिसत व्हत्या, सर. तुम्ही एका बोटानं दाबता. आधी एक, मग सात."

"अगं, मग आल्या आल्या का नाही सांगितलेस?"

"तुम्ही इचारलंच न्हाई. आन् सांगितलं असतं," ती खडू परत देत म्हणाली, "तर तुम्ही लिवलं असतं का?"

आनंदरावांनी प्रामाणिकपणे विचार केला. "नसते लिहिले."

"मग?" बयाबाई म्हणाली. "आता सांगा, पास हाय का न्हाई?"

"पास आहे, आजी. दहावीत गेली."

"कागदावर का खरं?"

"खरे. कागदावर चढवायला आता निघतो."

बयाबाईने त्यांना जेवल्याशिवाय सोडायचे नाही असा हट्ट धरला. पण त्यांचे चित्त जागेवर नव्हते. दोन घास उभ्याउभ्या खाऊन ते निघाले. परतीची गाडी सरळ मिळाली, तरी ती त्यांना सावकाश वाटली. पारगावच्या पुलावर या वेळी त्यांनी डोळे मिटून घेतले. पूल संपल्यावर उघडले, आणि उगाच मिटले असे वाटून मागे वळून पाहिले.

ते शाळेत पोहोचले तेव्हा दुपार कलायला लागली होती. अनुपमा मॅडम दारातच उभ्या होत्या.

"सर, मी 'गैरहजर' छापायला सांगणार होते. धनश्रीच म्हणाली, पऱ्हाड सर येणारच, थांबा."

आनंदरावांनी कागदाची घडी उलगडून धनश्रीपुढे ठेवली. तिने सुरजचा गुण भरला, रुपालीचा भरला. भिमापाशी आल्यावर तिने मान वर केली.

"सर, या नावात काही दुरुस्ती?"

पडद्यावर 'भिमा कोळपे' होते आणि वर कोपऱ्यात, वर्गशिक्षकांच्या जागी, 'पर्हाड'. आनंदरावांनी या वेळी नजर वळवली नाही. दोन्हींकडे पाहिले.

"नाही," ते म्हणाले. "अठरा भर."

तिने एक दाबले, आठ दाबले. पुन्हा ती यादी अद्ययावत करण्याची कळ आली. आनंदरावांचा हात नकळत पुढे झाला आणि टेबलाच्या कडेवर थांबला. धनश्रीने ती दाबली. चौकट उमटली: 'सर्व नावे जुळली.' ते वाक्य त्यांनी पुरते वाचले न वाचले तोच खट् असा आवाज होऊन पंखा मंदावला. टेबलाखालची बॅटरी पीं पीं करू लागली आणि पडदा काळा झाला.

"गेली वीज," मॅडम म्हणाल्या. "आता संध्याकाळीच."

"सेव्ह झालंय, सर," धनश्रीने घाईघाईने सांगितले. "मी आधीच केलं होतं. देवाशप्पथ."

"मी कुठे नाही म्हणतो?"

"मग घरी जा. दमून आलात. वीज आली की मी छापते, उद्या सकाळी बघाल."

आनंदरावांनी मान डोलावली. चष्मा खिशात ठेवला. दारापर्यंत गेले. मग परत फिरून खुर्ची पडद्यासमोर ओढली आणि बसले. टेबलावरून एक कोरा कागद घेतला, त्यावर पेनाने 'भिमा कोळपे' लिहिले, पहिली वेलांटी काळजीपूर्वक खालपर्यंत आणली, पुढे 'अठरा' लिहिले आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

"तुम्ही बसणार?" धनश्रीने विचारले.

"वीज येईपर्यंत," आनंदराव म्हणाले. "ती आहे, हे एकदा बघतो. मग जातो."